क्लचवरून पाय काढा

सिल्वासाला आमच्या कॉलनीत सकाळी दोन प्रकारची माणसं वाकलेली दिसायची. एक म्हणजे देवासाठी दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं तोडणारी, आणि दुसरे बाविस्करआप्पा. फुलंवाले चोरून वाकायचे. आप्पा मात्र लेंगा गुडघ्यापर्यंत ओढून, उघडपणे आपल्या गाडीखाली डोकं घालायचे. तिथे त्यांनी आदल्या दिवशीच पुठ्ठा पसरलेला असायचा. ते ज्या सूत कारखान्यात मेन्टेनन्सला होते, तिथल्या धाग्याच्या खोक्याचा हा पुठ्ठा. तो बाहेर ओढायचा, उजेडात धरायचा आणि वाचायचा. आम्ही वरच्या गॅलरीत पेपर वाचायचो आणि आप्पा खाली पुठ्ठा वाचायचे. बातम्या त्यांच्याकडेच जास्त असायच्या.

"हे बघा सुर्वेभाऊ," ते खालूनच ओरडून सांगायचे, "हे पाणी एसीचं. हा काळा ठिपका इंजिनचा, त्याचं टेन्शन नाही. पण मातकट, चिकट, वास मारणारा थेंब दिसला ना, तर समजायचं गिअरबॉक्स रडतोय. मग गाडी जागची हलवायची नाही."

मग बोटाने थेंब पुसून त्याचा वास घ्यायचे. माझी बायको म्हणायची, या माणसाला सकाळच्या चहाचा वास कसा येत असेल कोण जाणे.

आप्पा अमळनेरकडचे. तरुणपणी फिटर म्हणून सिल्वासाला आले, कारखान्यात सुपरवायझर झाले, आणि इथलेच झाले. मी चिपळूणकडचा, सरकारी कचेरीतल्या बदलीने आलेला. त्यांचं घर तळमजल्यावर, आमचं बरोबर वर. गाडी त्यांच्याकडे एकच, लहान, पांढरी, सेकंडहँड घेतलेली, आणि कॉलनीतल्या निम्म्या गाड्यांपेक्षा वयाने मोठी. पण त्या गाडीची एक गोष्ट ते कुणालाही, अगदी गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्यालाही सांगायचे. तिची क्लचप्लेट कंपनीतून आली तीच होती. कधी बदललेली नव्हती. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा. दृष्ट लागू नये म्हणून असावा.

प्लेट टिकवण्याचं त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं, "क्लचवरून पाय काढा." गिअर टाकताना दाबायचा, आणि काम झालं की डावा पाय सरळ बाजूच्या जागेवर. उगाच टेकवून ठेवायचा नाही. "क्लच म्हणजे पाहुण्याचं घर," ते म्हणायचे. "काम झालं की उठायचं. लोळायचं नाही." सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये. चढावर थांबलात तर हँडब्रेक ओढा, अर्ध्या क्लचवर गाडी लटकवू नका. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका. आणि गिअरच्या दांडीवर हात ठेवून बसलेला माणूस दिसला की त्यांच्या कपाळावर आठी यायची. "तो काय नातवाचा खांदा आहे का, हात ठेवायला?"

मी गाडी घेतली तेव्हा पहिली फेरी त्यांना घेऊन मारली. माणूस शेजारी बसला की रस्त्याकडे बघतो. आप्पा नरोली रोडपर्यंत माझ्या डाव्या पायाकडे बघत होते. कौतुकाचा एक शब्द नाही. परत आल्यावर त्यांनी खाली वाकून माझं नवं, जाड, फुलाफुलांचं पायपुसणं गाडीतून उपटून बाहेर काढलं. माझ्या बायकोने हौसेने आणलेलं होतं ते.

"हे सरकून पेडलखाली जातं," ते म्हणाले. "पेडल तळाला टेकत नाही. क्लच पुरता सुटत नाही, आणि मग तुम्ही गिअर घुसवता तेव्हा आतले दात घासतात. लोक म्हणतात गिअरबॉक्स खराब. गिअरबॉक्स नाही खराब, पायपुसणं खराब."

घरातून कात्री आणून त्यांनी त्याची पुढची बाजू कापून टाकली. बायको दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पण म्हणून आप्पांचं सगळंच बरोबर असायचं असं समजू नका. एका रविवारी त्यांना वाटलं, कॉलनीतल्या सगळ्या गाड्यांचे क्लच आपण तपासून द्यावेत. कुणी मागितलं नव्हतं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या पटेलकाकांची गाडी त्यांनी हातात घेतली, क्लचची केबल ढिली वाटली म्हणून पाना लावून चांगली आवळून दिली, आणि आता बघा कशी चालते ते, असं म्हणून मोकळे झाले. पटेलकाका गुरुवारी परत आले ते गाडी ढकलत आणि घामाने निथळत.

"आप्पा, तमे तो मारी गाडी बगाडी नाखी!" काका गेटमधूनच ओरडले. "इंजिन गळा काढून ओरडतंय अने गाडी जागची हलत नथी!"

आप्पा चपलाही न घालता धावले. बॉनेट उघडलं, केबलला हात लावला, आणि त्यांचं तोंड उतरलं. काकांची आणि सगळ्या कॉलनीची त्यांनी माफी मागितली, केबल सैल केली, आणि पुढे वाक्यात एक भर पडली. "थोडी ढिलाई ठेवायची. दोन बोटं पेडल नुसतं फुकट गेलं पाहिजे, मग क्लच लागला पाहिजे. फार आवळलं तर प्लेट धरतच नाही, घसरत राहते." पटेलकाकांनी मात्र त्यानंतर आप्पा दिसले की आपल्या गाडीला टेकून उभं राहायचा नेम ठेवला.

एवढं सगळं ते कशासाठी करत होते, हे नीट समजायला मला वर्ष लागलं. मला आधी वाटायचं हा छंद आहे. पण ती गाडी आप्पांच्या कामाची नव्हतीच. कारखान्यात ते कंपनीच्या बसने जायचे. गाडी होती मंदावहिनींसाठी, त्यांच्या बायकोसाठी.

मंदावहिनी मराठी शाळेत शिक्षिका. शाळा सुरंगीच्याही आत, एका पाड्यावर. खानवेलची बस मुख्य रस्त्यावर सोडते, तिथून पुढे चढउताराचा, झाडीतला रस्ता, आणि बसची वेळ शाळेच्या वेळेशी कधी जुळायची नाही. आप्पांनी दुपारची पाळी कायमची मागून घेतली होती. सकाळी वहिनींना शाळेत सोडायचं, परत यायचं, जेवायचं, पाळीला जायचं. परतताना वहिनी कुणाच्या तरी मोटरसायकलवर मुख्य रस्त्यापर्यंत येऊन बस पकडायच्या. गाडी एक दिवस बंद पडली तर शाळा त्या दिवशी बंद, कारण शाळेत शिक्षिका त्या एकट्याच होत्या. म्हणून तो पुठ्ठा, म्हणून तो थेंबाचा वास.

वहिनी आप्पांच्या अगदी उलट. शांत, हसऱ्या, गाडीबद्दल काडीची उत्सुकता नसलेल्या. वर्षानुवर्षं डाव्या सीटवर बसून त्या मुलांच्या वह्या तपासायच्या आणि आप्पा बोलत असायचे. दिसेल त्या गाडीवर त्यांची टीका चालायची, हा बघ क्लच जाळतोय, तो बघ पाय काढत नाहीये. वहिनी हूं हूं करायच्या. कानावर पडत होतं तेवढंच.

मग आप्पांनी एकदा कॉलनीच्या गेटच्या खांबाला गाडीचं डावं अंग घासलं. मी तिथेच होतो. उतरून त्यांनी पत्र्याकडे पाहिलंही नाही, बॉनेट उघडून क्लचची केबल बघितली. मला हसू आलं. पंधरवड्याने त्याच खांबाला पुन्हा. नंतर राखोलीजवळ डावीकडून आलेला एक सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. तो थोडक्यात वाचला. त्या दिवशी आप्पा घरी आले आणि पुठ्ठा न पसरताच आत गेले, तेव्हा मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

वापीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत होतं, बाजूचं गेलं होतं, आणि गेलेलं परत येणार नव्हतं. थेंब टाकून उरलेलं टिकवायचं. गाडी चालवायची नाही.

आप्पांना डोळ्यांचं दुःख होतंच, पण बोलले ते शाळेचं. वहिनींनी सिल्वासाला बदली मागावी, असं त्यांनी सुचवलं. वहिनी त्यांच्यावर पहिल्यांदा आवाज चढवून बोललेल्या मी ऐकल्या. खालच्या घरातलं सगळं वर ऐकू येतं, त्याला माझा इलाज नाही.

"मी निघनू तं तठे कोन येवाव शे?" वहिनी अहिराणीत म्हणाल्या. त्या गेल्या तर तिथे दुसरं कोण येणार, हे आप्पांनाही माहीत होतं. कुणी येणार नव्हतं. शाळा बंद होऊन मुलांना नाल्यापलीकडच्या शाळेत घातलं असतं, आणि पावसाळ्यात त्या नाल्यातून लहान मुलं जाणार नव्हती. पहिलीपासून हात धरून शिकवलेली पोरं घरी बसली असती.

मग वहिनींचा आवाज आला, "माले शिकाडा." मला शिकवा.

वहिनींनी पन्नाशी ओलांडली होती. दिवाळीची सुट्टी महिन्यावर होती, आणि ती संपायच्या आत त्यांना गाडी चालवता यायला हवी होती. तोवर आप्पांच्या कारखान्यातले एक मित्र रजा टाकून वहिनींना शाळेत सोडत होते, पण ते किती दिवस चालणार.

आप्पांनी घाबरून एक शहाणपणा केला. आपली गाडी न देता वहिनींना किलवणी नाक्यावरच्या ड्रायव्हिंग क्लासला घातलं. वहिनी छान शिकल्या. स्टिअरिंग सुरेख, आरसे बघणं सुरेख, परीक्षेत पहिल्या झटक्यात पास. पेढे आले आमच्याकडे. आणि मग त्या आपल्या पांढऱ्या गाडीत बसल्या, पहिल्यावरून दुसरा गिअर टाकला, आणि अख्ख्या कॉलनीने तो आवाज ऐकला. खर्रर्र. पटेलकाका गॅलरीत आले.

क्लासच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही पेडलं असतात. सगळा महिना क्लच तोच दाबत होता.

रोज सकाळी औद्योगिक वसाहतीतल्या मोकळ्या रस्त्यावर सराव सुरू झाला. आणि रोज खर्रर्र. दुसऱ्याला खर्रर्र, तिसऱ्याला खर्रर्र. आप्पांनी गिअर ऑइल तपासलं, केबल पाहिली, ढिलाई मोजली, पायपुसणं काढून फेकून दिलं. पुठ्ठा कोरडा. सगळं ठीक. गिअर घासतच होते. आप्पा शेजारी बसून ओठ चावायचे आणि मध्येच त्यांच्या तोंडून निघून जायचं, "पाय काढ! पाय काढ क्लचवरथीन!" ते ऐकलं की आवाज आणखी वाढायचा. नवरा-बायको घरी येताना एकमेकांशी बोलत नसत. चौथ्या-पाचव्या दिवशी आप्पा मला म्हणाले, "सुर्वेभाऊ, उद्या तुम्ही मागे बसा. कुणीतरी तिसरं पाहिजे."

मी मागे, मधोमध बसलो. दोन्ही सीटच्या मधून मला वहिनींचे पाय दिसत होते. आप्पांना ते दिसत नव्हते. समोर बघत बसलं तर बाजूचं त्यांना दिसायचंच नाही, आणि समोरचा रस्ता सोडून त्यांची नजर हटायला तयार नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांचे डावे पाय पाहिले, त्याला आपल्याच बायकोचा पाय दिसत नव्हता. वहिनी क्लच जेमतेम अर्धा दाबायच्या आणि तापल्या तव्याला लागल्यासारखा पाय वर घ्यायच्या. तेवढ्यात गिअर घालायच्या.

"आप्पा," मी म्हणालो, "वहिनी क्लच पूर्ण दाबतच नाहीयेत."

गाडी थांबली. आप्पा वळले. "का नाही दाबत?"

वहिनींचे डोळे भरून आले होते. "तुम्हीज सांगेल शे ना," त्या म्हणाल्या. "क्लचवरथीन पाय काढ, क्लच बळी जाई. इतला वरीस तेज ऐकस मी." पाय काढ, नाहीतर क्लच जळून जाईल, हेच त्या इतकी वर्षं ऐकत आल्या होत्या.

आप्पा गाडीतून उतरले, बॉनेटला हात लावत पलीकडच्या बाजूला आले, वहिनींच्या बाजूचं दार उघडलं, इंजिन बंद करायला सांगितलं. मग रस्त्यावर चक्क गुडघे टेकून आत वाकले आणि ब्रेकच्या मागून हात घालून क्लचच्या पेडलखाली, तळाला, आपला तळहात उताणा ठेवला.

"आते दाब. माना हातले लागस तठलोंग दाब." हाताला टेकेपर्यंत दाब.

वहिनींनी पाय वर ओढून घेतला. "काय बोलतास तुम्ही! तुमना हातले पाय लावू?"

"पाय नही, पेडल लागी."

"तरी बी नही!"

मी मागे बसून खिडकीबाहेर बघायला लागलो. एक ट्रेलर हॉर्न वाजवत गेला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून पाहिलं, की एक म्हातारा रस्त्यावर गुडघ्यावर बसलाय आणि गाडीतल्या बाईच्या पायाशी वाकलाय. त्याला काय वाटलं असेल देव जाणे. आप्पा हलले नाहीत. हात तसाच.

"मंदा," ते म्हणाले, आणि नाव घेऊन हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली, "पोरं वाट देखी ऱ्हायनात ना तुनी? मग दाब."

वहिनींनी दाबलं. हळू, डोळे मिटून, नमस्कार करताना माणूस मिटतो तसे. पेडल तळाला गेलं, आप्पांच्या हाताला टेकलं. "हां," आप्पा म्हणाले. "इतला. परत." मग पुन्हा, आणि पुन्हा. दहाव्या-बाराव्या वेळेला वहिनींनी डोळे उघडे ठेवले. आप्पा उठले तेव्हा त्यांच्या तळहातावर पेडलच्या रबराच्या रेघा उमटल्या होत्या. त्यांनी हात लेंग्याला पुसला, शेजारी येऊन बसले, आणि वहिनींनी गाडी काढली. पहिला. दुसरा. तिसरा. आवाज नाही.

पण क्लच पूर्ण दाबायला शिकलेला माणूस तो सोडायला लगेच शिकत नाही. उरलेली सुट्टी त्यात गेली. सुरंगीच्या वाटेवरच्या चढावर गाडी थांबवायची आणि पुन्हा काढायची, हा सराव आप्पांनी मुद्दाम ठेवला होता, कारण पाड्यावर जाताना तो चढ चुकत नाही. वहिनी हँडब्रेक सोडायला घाबरायच्या, इंजिन गर्जायचं, अर्ध्या क्लचवर गाडी थरथरत लटकायची, आणि गाडीत जळका वास भरायचा. तो वास आप्पांच्या नाकाला काय करत असेल, याची मला कल्पना होती. मी मागे बसलेला असायचो. वहिनी घाबरून म्हणायच्या, "क्लच बळी ऱ्हायना."

"बळी तं बळू दे," आप्पा म्हणायचे. "क्लच दुकानात भेटस. तू गाडी काढ."

आणि खरंच, सुट्टी संपायच्या आधी ती प्लेट गेली. कंपनीतून आलेली, सगळ्या सिलिंडरवाल्यांना ठाऊक असलेली. मेकॅनिकने नवी बसवून जुनी त्यांच्या हातात दिली. मला वाटलं होतं ते ती कुठेतरी जपून ठेवतील. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, त्याला त्यांनी इतर लोखंडाबरोबर देऊन टाकली, आणि उलटून पाहिलंही नाही.

शाळा उघडली त्या दिवशी वहिनी एकट्या गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा आप्पा पाळीला गेलेले होते. मग पटेलकाकांनीच गेट उघडलं, आणि त्यांना "वेलकम, बेन" म्हणून सलाम ठोकला. पुठ्ठ्याचं काम वहिनींनी आपल्याकडे घेतलं. सकाळी गाडीखाली आता साडी खोचून त्या वाकायच्या, आणि आप्पा बाजूला उभे राहून विचारायचे, "कोणता रंग?" वहिनी सांगायच्या. कोरडा असला तर "कोरडा" एवढंच.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. सामानाचा टेम्पो भरून झाला, बायको पुढच्या सीटवर बसली, आणि मी आप्पांचा निरोप घ्यायला खाली आलो. सकाळची वेळ. वहिनी आमचा निरोप आधीच घेऊन शाळेला निघाल्या होत्या, गाडी नुकतीच गेटबाहेर पडली होती. आप्पा गेटच्या त्या खांबाला हात लावून उभे होते. रस्त्याकडे बघत नव्हते. मान खाली, कान रस्त्याकडे. कॉलनीपुढचा रस्ता सरळ जातो, मग वळणावर गतिरोधक आहे, तिथे गाडी हळू करून पुन्हा वाढवावी लागते.

"आप्पा, निघतो आम्ही," मी म्हणालो.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. दूर वहिनींची गाडी गतिरोधकावरून उतरल्याचा आवाज आला. मी आप्पांकडे पाहत होतो. चपलेतला त्यांचा डावा पाय जमिनीवर पुरता दाबला गेला, आणि हलकेच उचलला गेला. लांबवर इंजिनाचा सूर बदलला. पुन्हा पाय दाबला गेला, पुन्हा उचलला. सूर पुन्हा बदलला, स्वच्छ, कुठे घासलं नाही, आणि मग आवाज झाडांमागे गेला.

"तिसरा लागला," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हां, बोला सुर्वेभाऊ. निघाले का?"